इलेक्ट्रिक गिटारचे ‘7 गुप्त नियम’ : गच्चीवर नेण्याआधी हे वाचा

परभणीच्या माझ्या भाच्याने मे महिन्यात भर दुपारी एक फोटो पाठवला. गच्चीवर जुनी साडी अंथरलेली, एका कडेला बहिणीने घातलेल्या कुरडया, दुसऱ्या कडेला त्याची नवीकोरी इलेक्ट्रिक गिटार पालथी, आणि तिच्या नेकवर, म्हणजे लांब दांडीवर, गव्हाचं अर्धं पोतं. खाली लिहिलेलं, ‘मामा, दोन तास झाले, तारा अजून वरच दिसायल्यात. किती वेळ ठिवू?’

हे डोकं त्याचं नव्हतं. ‘इलेक्ट्रिक गिटार पारखण्याचे 7 नियम, जे दुकानदार कधीच सांगणार नाहीत’ असा एक मेसेज सध्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या, भीमगीत पार्ट्यांच्या आणि कॉलेजच्या पोरांच्या ग्रुपांत फिरतोय. इतके दिवस मी तो वाचून सोडून देत होतो. घरातल्या पोराची गिटार पोत्याखाली गेल्यावर गप्प बसवलं नाही.

ज्यांना तो आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: एक, गिटार जितकी जड तितकी चांगली. दोन, बॉडीवर टिचकी मारा, खणखणीत वाजली तरच घ्या. तीन, नेक स्क्रूने जोडलेला असेल तर तो हलका माल. चार, चीन-इंडोनेशियाची गिटार घेऊ नका. पाच, तारा वर असतील तर नेक वाकलाय, नेकमधला रॉड (ट्रस रॉड) आवळा, नाहीतर उन्हात ठेवा. सहा, कुठल्याही फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, जराशी बझ (खरखर) आली की गिटार खोटी. सात, चांगल्या गिटारला सेटअप, म्हणजे तारा-नेकची जुळवाजुळव, लागतच नाही.

क्रमाने जात नाही. बाकीच्या नियमांनी फार तर पैसे वाया जातील, पाचव्याने गिटारच जाते. तो जसाच्या तसा असा आहे: ‘तारा फ्रेटबोर्डपासून वर दिसल्या म्हणजे नेक वाकलेला आहे. ट्रस रॉड आवळत जा, नेक पट्टीसारखा सरळ होईपर्यंत. तरी फरक नाही पडला तर नेक दोन तास कडक उन्हात ठेवून वर वजन द्या. लाकूड जागेवर येतं.’

तारांची फ्रेटबोर्डपासूनची (फ्रेट जडवलेल्या फळीपासूनची) उंची, म्हणजे आपण ज्याला ॲक्शन म्हणतो ती, ठरते मुख्यतः बॉडीवर तारा अडकवलेल्या ब्रिजवरच्या सॅडलने, म्हणजे तारेखालच्या बारक्या आधाराने. स्ट्रॅट (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीच्या गिटारला प्रत्येक तारेखाली एक सॅडल आणि त्यात दोन बारके स्क्रू असतात. ते फिरवले की तार खाली-वर होते. नवी गिटार खोक्यातून निघते तेव्हा हे सॅडल बरेचदा वरच असतात. भाच्याच्या गिटारचंही तेच होतं. खोक्यात आलेल्या बारक्या ॲलन कीने, फोनवर बोलता बोलता, तारा खाली आल्या. नशीब एवढंच की ट्रस रॉडला लागणारी मोठी की त्या खोक्यात नव्हती, म्हणून आवळण्याची पायरी त्याला वगळावी लागली.

मग रॉड कशासाठी? 10 नंबरच्या सहा तारा सुरात आणल्या की त्यांची मिळून ओढ साधारण 45 किलोंची होते. ही ओढ नेकला सतत पुढे, तारांच्या बाजूला, वाकवत असते. नेकच्या पोटात बसवलेला लोखंडी रॉड तिला उलटा ताण देतो. गिब्सन कंपनीला त्याचं पेटंट 1923 मध्ये मिळालं, म्हणजे ही काही काल निघालेली गोष्ट नाही. रॉडने नेकचा बाक ठरवायचा असतो, आणि थोडा बाक लागतोच. तार वाजते तेव्हा तिचा झोका मधल्या भागात सगळ्यात मोठा असतो. नेक खरोखर पट्टीसारखा सरळ केला आणि तारा खाली ठेवल्या, तर तो झोका फ्रेटवर आपटतो.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. फेंडर कंपनीने स्वतःच्या गिटारींसाठी सेटअपची मापं जाहीर करून ठेवली आहेत. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, जाडी तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायची आणि आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यात किती फट राहते ते बघायचं. 9.5 ते 12 इंच त्रिज्येच्या गोलाईच्या फ्रेटबोर्डला ही फट 0.010 इंच, म्हणजे पाव मिलिमीटर सांगितली आहे. शून्य नाही. मोजायला फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा संच) लागतो, तो कुठल्याही मोटारसायकल मेकॅनिककडे मिळेल. तोही नसेल तर 10 नंबरच्या सेटमधली सगळ्यात बारीक तार घ्या. तिची जाडी नेमकी 0.010 इंच असते. तिचा तुटका तुकडा त्या फटीत सरकवून बघा: अडकत असेल तर बाक कमी, आजूबाजूला मोकळी जागा राहत असेल तर जास्त. ॲक्शन मोजायची 17व्या फ्रेटवर, तिथे फेंडरचं माप 1.6 मिलिमीटर. दोन एटीएम कार्डं एकावर एक ठेवली की दीड मिलिमीटर होतात, घरच्या कामाला तेवढं पुरतं.

याच माहितीत हेही लिहिलंय की रॉड फिरवताना जास्त जोर लागायला लागला तर थांबा आणि जाणकाराकडे जा. मेसेज म्हणतो, आवळत जा. आवळत गेलं की आधी रॉडच्या टोकाच्या चाकीचे कोपरे झिजतात आणि की नुसती फिरते, मग आटे जातात, आणि पठ्ठ्या तरीही थांबला नाही तर रॉड तुटतो. तुटलेला रॉड बदलायला बरेचदा फ्रेटबोर्ड उखडावा लागतो. स्वस्तातल्या गिटारवर कुणी तेवढा खर्च करत नाही, ती भिंतीवर जाते. फिरवायचाच असेल तर पाव फेरा द्यायचा, पुन्हा सुरात आणायचं आणि पुन्हा मोजायचं.

आता ऊन. इथे मला एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते. वाकलेला नेक उष्णतेने सरळ करण्याची पद्धत खरोखर आहे. कसलेले कारागीर नेक सरळ तुळईला क्लॅम्पने आवळतात, तापमानावर लक्ष ठेवून गरम करतात आणि क्लॅम्प न सोडता पूर्ण गार होऊ देतात. एवढं करूनही काही नेक परत वाकतात. मेसेज लिहिणाऱ्याने हे कुठेतरी अर्धवट ऐकलं असणार आणि तुळई, क्लॅम्प, तापमान हे सगळं गाळून फक्त ‘गरम’ तेवढं ठेवलं.

फ्रेटबोर्ड नेकला गोंदाने चिकटवलेला असतो आणि तापला की गोंद मऊ पडतो. मे महिन्यात पारा 42-43 वर असताना आपल्या गच्चीच्या कोब्यावर अनवाणी पाय टेकवत नाही, तिथे गोंदाने काय करावं? वरून पोत्याचं वजन कधीच सारखं बसत नाही. त्याने नेकला पीळ बसू शकतो, आणि पिळावर इलाज रॉडकडे नाही. साधा रॉड पुढे-मागेच ओढू शकतो, पिळलेलं सरळ करू शकत नाही. शिवाय ऊन लाकडातली ओल पिते. फ्रेटबोर्ड आटतो, फ्रेटचा धातू आटत नाही, मग फ्रेटची टोकं कडेने बाहेर येतात आणि तळहाताला करवतीसारखी लागतात.

मराठवाड्यात तर हे काही न करताही होतं. गणपतीत, हवा दमट असताना, सुरेख वाजणारी गिटार 14 एप्रिलच्या कार्यक्रमात खालच्या फ्रेटवर बझ करू लागते. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, नेक सहसा पुढे वाकतो आणि तारा वर येतात. उन्हाळ्यात उलटं होतं. त्यावर उपाय पाव फेऱ्याचाच असतो. आणि पिकअप गाडीच्या हौद्यात, स्पीकरच्या खोक्यांवर, भर उन्हात गिटारची बॅग टाकणाऱ्या पार्ट्यांनी तर हा परिच्छेद दोनदा वाचावा.

सहावा नियम पाचव्याचाच भाऊ आहे. रॉड आवळून नेक सपाट करायचा, मग पहिल्या चार-पाच फ्रेटवर बझ येणार, मग सहाव्या नियमाप्रमाणे गिटार खोटी ठरवायची! खाली ॲक्शन ठेवलेली गिटार, ॲम्प बंद असताना, थोडी बझ करतेच. ॲम्पमधून ती ऐकू येते का आणि सूर मध्येच मरतो का, हे बघायचं. एकाच फ्रेटवर बझ असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उंच असण्याची शक्यता मोठी. कार्डाची कड एका वेळी तीन फ्रेटवर टेकवा. कार्ड डुगडुगलं तर मधला फ्रेट वर आलाय. खरी खोट असते ती ही.

पहिल्या चारांवर फार शाई घालवत नाही. वजन: गिब्सनने 1961 मध्ये आपल्या लेस पॉल या गिटारची जाड बॉडी टाकून पातळ, हलकी गिटार काढली, तिलाच पुढे एसजी नाव मिळालं, आणि ती आजही बनते. जाड लेस पॉल परत आली, पण पुढे कित्येक गिटारींच्या बॉडीला वजन कमी करण्यासाठी आतून भोकं पाडली जाऊ लागली. जड म्हणजे चांगली असती तर कंपनीने स्वतःचंच लाकूड कोरलं नसतं. तीन तासांचा कार्यक्रम उभ्याने वाजवणाऱ्याच्या खांद्याला विचारा. टिचकी: पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी. त्याला पोलादी तारेचं कंपन कळतं, तुमची टिचकी नाही. हां, ॲम्पला न जोडता गिटार वाजवून बघणं मात्र उपयोगाचं आहे. मेलेले सूर आणि सैल भाग असेच सापडतात. स्क्रूचा नेक: फेंडरच्या टेलिकास्टर 1950 पासून, स्ट्रॅटोकास्टर 1954 पासून स्क्रूच्या नेकवरच आहेत. इंडोनेशिया: यामाहाची पॅसिफिका 112 आणि पीआरएसच्या एसई मालिकेतल्या बहुतेक गिटारी तिथेच बनतात. ‘अस्सल अमेरिकन’ म्हणून मिरवणाऱ्या कित्येक गिटारींवर फ्रेटबोर्ड आपल्याच देशातल्या शिसवीचा असतो, त्याचं काय करायचं? अगदी स्वस्त गिटारींत मात्र फ्रेटचं काम नगानगाला बदलतं, हे खरं. म्हणून देश बघण्यापेक्षा हातातला नग बघावा.

सातवा नियम पोरांना निराश करतो म्हणून त्याचा राग जास्त. नवी पोरं एफ कॉर्ड लागत नाही म्हणून बोटांना दोष देत बसतात, आणि कित्येकदा दोष नटच्या, म्हणजे नेकच्या टोकाशी तारा जिच्यातून जातात त्या पट्टीच्या, खाचा उथळ असण्यात असतो. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा: केसभर फट हवी. नखाएवढी असेल तर खाच खोल करून घ्या. घरी कानशीने घासत बसू नका, जास्त खोल गेली की मोकळी तार बझ करते आणि नटच बदलावा लागतो. 12व्या फ्रेटचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि त्याच फ्रेटवर दाबलेला सूर ट्यूनरवर जुळत नसतील तर सॅडल मागे-पुढे करायचा, तोही सेटअपच. तारांचा नंबर बदलला तरी सेटअप लागतो. आपल्याकडे हे करणारा माणूस शोधावा लागतो, बरेच जण पुण्याला पाठवतात, ही अडचण खरी. पण त्यासाठी चांगली गिटार परत करणं हा उपाय नव्हे.

ॲक्शन, बाक, सॅडल, खरखरणारा व्हॉल्यूम हे सगळं स्क्रूने, कीने किंवा थोड्या स्प्रेने सुधारतं, त्यावरून गिटार नाकारू नका. नेकला पीळ, उचललेले फ्रेट, फ्रेटबोर्डच्या कडेवरून घसरणारी पहिली किंवा सहावी तार, आणि न फिरणारा रॉड, हे दिसलं तर ठेवून द्या. जुनी गिटार घेताना तर रॉड पाव फेरा फिरवून दाखवायला सांगा, आणि तो विकणाऱ्यालाच फिरवू द्या. तुमच्या हातात तुटला तर गिटार तुमचीच झाली.