गुडघा आखडला की दोष पेशंटचाच?

‘व्यायामाचा कंटाळा केला की बदललेला गुडघा आखडतो’ हे गुडघेबदल शस्त्रक्रियेवरच्या लेखातलं वाक्य वाचून आईचा चेहरा आठवला. पंचवटीत आमच्या घरी फिजिओथेरपिस्ट रोज यायचे, आई डोळ्यांत पाणी आणून सगळे व्यायाम करायची, तरी ऑपरेशननंतर सहाव्या आठवड्यात गुडघा ७० अंशांपुढे वाकेना. भेटायला येणारे मात्र ‘काकू, जरा जोर लावा’ सांगून चहा पिऊन जायचे. अहो, काहींच्या शरीरात जखम भरताना सांध्याच्या आत गरजेपेक्षा जास्त चिवट ऊतक तयार होतं आणि तेच सांधा जखडून टाकतं. आर्थ्रोफायब्रोसिस म्हणतात त्याला. ऑपरेशनआधीच गुडघा कमी वाकत असेल तर ही शक्यता वाढते. यात आळस कुठे आला?

सपाट रस्त्यावर चालायला साधारण ७० अंश पुरतात, जिन्याला ९०-१०० लागतात. आई काठी टेकत रामकुंडापर्यंत जायची, पायऱ्या मात्र वरूनच बघायची. आणि वेळेचा मुद्दा लेखात नाहीच. असा आखडलेला गुडघा डॉक्टर भूल देऊन वाकवतात, तो शक्यतो ऑपरेशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत. पुढे ऊतक घट्ट होतं, मग दुर्बिणीतून सोडवावं लागतं. आमचे पहिले डॉक्टर ‘होईल हळूहळू’ म्हणत राहिले. दुसरं मत घेतलं तेव्हा अकरावा आठवडा लागला होता, थोडक्यात निभावलं. आता ११० पर्यंत वाकतो. हो, आणि गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू देऊ नका. बरं वाटतं, पण पाय पूर्ण सरळ होणं तिथेच अडतं.