'नारळ सोडून मासे वाढत नाहीत' म्हणणाऱ्या वाचकास

'किनारा७१' यांस,

पावसाळी मासेमारीबंदीच्या तारखा ठरवताना कोळ्यांनाही विचारा, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया: "नारळ सोडून मासे वाढत नाहीत. निर्णय शास्त्रज्ञांनी घ्यावेत. डोलीच्या बारीक आसात पापलेटची पिल्लं तुमचीच माणसं मारतात. कवींवरून सातपाटी आणि वसईवाले भांडतात ते वेगळंच." (इतरांसाठी: डोल म्हणजे समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधायचं पिशवीसारखं जाळं, आस म्हणजे जाळ्याचं छिद्र, आणि कवी म्हणजे डोल लावायचे ते खुंट. सातपाटी हे पालघरकडचं कोळ्यांचं गाव.)

आधी चूक कबूल करतो. मागच्या लेखात मी बंदी ६० दिवसांची लिहिली, ती ६१ दिवसांची आहे. दुरुस्त केलं. झालं समाधान?

आता नारळ. मतभेद चालतात हो, पण हा सूर? ज्या नारळी पौर्णिमेची तुम्ही टिंगल करता ती खुद्द सरकारी हुकमात होती. पूर्वी बंदी १० जूनला लागायची आणि १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांतलं जे आधी येईल तेव्हा उठायची. २०१५ पासून महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असा हिशेब लागला. पौर्णिमा बहुतेक वर्षी ऑगस्टात येते, म्हणजे दर्या शांत व्हायच्या आधीच यांत्रिक होड्या बाहेर. बंदी वाढवा म्हणून सातपाटीचे मच्छीमारच मागे लागलेत. स्वतःच्या पोटावर पाय देऊन! याला अंधश्रद्धा म्हणायचं?

माझे बाबा डोलीवर होते. शाळा चौथीपर्यंत. तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. घड्याळ नंतर आलं घरात. उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, डोल लावायची; भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, पाण्याला ओढच नसते, तेव्हा जाळी दुरुस्त करायची. कुणाचा खुंट कुठे, हे गाव ठरवायचं. १९८१ चा मासेमारी नियमन कायदा यायच्या कितीतरी आधीपासून. तुम्ही कधी उधाणाला बोंबील धरायला गेलायत का? नसाल गेला, तर आवाज जरा खाली.

आसाचं म्हणाल, तर तो मुद्दा आहे, नाही म्हणत नाही. पण पर्ससीनवाल्यांना, म्हणजे मोठ्या जाळ्याने माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्यांना, हा प्रश्न विचारताना तुम्ही कधी दिसला नाहीत. आणि कवींचं भांडण हा वेगळ्या लेखाचा विषय.

पुढच्या वेळी टोपणनाव काढून लिहा. उत्तर देईन. वेळ असला तर.