खुलासा : गाल्वाने सगळं गणित एका रात्रीत लिहिलं नव्हतं

परीक्षा जवळ आल्या की एक मेसेज हमखास फिरतो : फ्रेंच गणिती एव्हारिस्त गाल्वा याने द्वंद्वयुद्धाच्या आदल्या रात्री एका बैठकीत नवं बीजगणित रचलं आणि सकाळी तो मेला. यातलं द्वंद्व खरं, विसाव्या वर्षीचं मरणही खरं. एका रात्रीची गोष्ट मात्र चूक.

त्याचा पहिला लेख 1829 मध्येच छापून आला होता, 1830 मध्ये आणखी काही. समीकरणांवरचा मुख्य निबंध तर पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे जाऊन 1831 मध्ये नापसंत झाला होता. मांडणी पुरेशी स्पष्ट नाही, असा अकादमीचा परीक्षक, गणिती पॉयसाँचा शेरा. त्याआधीचा निबंध अकादमीचा सचिव फूरिये याच्याकडे होता, तो त्याच्या मृत्यूनंतर गहाळच झाला. शिवाय 1829 मध्ये वडिलांनी आत्महत्या केलेली. मला विचाराल तर खरी शोकांतिका इथे आहे, त्या रात्रीत नाही.

29 मे 1832 च्या रात्री त्याने मित्र शेव्हालिएला पत्रातून आपल्या कामाचा गोषवारा कळवला आणि जुन्या हस्तलिखितात दुरुस्त्या केल्या. एका सिद्धतेपाशी समासात त्याने खरडलंय : इथे काही भर घालायला हवी, मला वेळ नाही. म्हणजे सिद्धता आधीपासून कागदावर होती. 30 ला गोळी लागली, 31 ला तो गेला. फ्रेंच गणिती लिऊव्हिलने हे काम छापलं 1846 मध्ये.

तेव्हा ‘एका रात्रीत’वाला मेसेज कृपया पुढे ढकलू नका, दहावी-बारावीच्या ग्रुपवर तर नकोच. आधीच पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.