हजार फ्रेम जोडल्या म्हणून गुरू खोटा ठरत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर वरचेवर फिरत असतो. हौशी लोक गुरू, शनी आणि तेजोमेघांचे (अवकाशातल्या वायूच्या ढगांचे) म्हणून जे फोटो टाकतात ते टिपलेले नसतात, संगणकावर बनवलेले असतात, असं त्याचं म्हणणं. पुरावे पाच: एका फोटोला हजारो फ्रेम (व्हिडिओतली सुटी चित्रं) लागतात, दुर्बिणीला डोळा लावला तर ते रंग दिसत नाहीत, चंद्राच्या फोटोत तारे नसतात, शहरातल्या गच्चीवरून असलं काही दिसणंच शक्य नाही, आणि चंद्र तर फोनच स्वतः रंगवतो. यातला शेवटचा बराचसा खरा आहे. बाकीचे एकेक करून पाहू.

"हजारो फ्रेम जोडतात, म्हणजे फोटो बनवलेला."

प्रतियुतीच्या वेळी, म्हणजे गुरू सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असताना, त्याचं बिंब जेमतेम ४५ ते ५० विकलांचं असतं (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). चंद्राचं सुमारे १८०० विकलांचं. एवढासा ठिपका आपण सतत थरथरणाऱ्या हवेतून पाहतो, आणि ही थरथर सेकंदात कित्येकदा बदलते. एकच फोटो काढला तर तो बहुतेक वेळा नेमका वाईट क्षणी पडतो. म्हणून व्हिडिओ घेतात: ५ ते १० मिलिसेकंदांचं एक्स्पोजर, सेकंदाला १०० च्या आसपास फ्रेम, सेन्सरचा फक्त ६४०×४८० एवढाच भाग. पूर्ण सेन्सर वाचायला लावला की वेग पडतो.

दोन मिनिटांत १२,००० फ्रेम होतात. ऑटोस्टॅकर्टसारखं सॉफ्टवेअर त्यांची धार तपासून प्रतवारी लावतं. त्यातल्या वरच्या १,५०० घेतल्या आणि सरासरी काढली, की नॉइज (फोटोतला रवाळपणा) वर्गमुळाच्या हिशेबाने जवळपास ३९ पट कमी होतो. प्रत्येक फ्रेममध्ये जे आहे ते उरतं, जे कधी इथे कधी तिथे होतं ते विरतं. जे कुठल्याच फ्रेममध्ये नव्हतं ते सरासरीत येणार कुठून?

आणि दोनच मिनिटं का? गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो. बिंबाच्या मध्यावरचा डाग त्यामुळे मिनिटाला साधारण पाव विकला सरकतो. २०० मिमी आरशाच्या दुर्बिणीची विभेदनक्षमता, म्हणजे तिला वेगळं दाखवता येणारं सर्वांत लहान अंतर, ०.५८ विकला आहे. दोन-सव्वादोन मिनिटांपुढे रेकॉर्डिंग नेलं की डाग फराटे होऊ लागतात. त्याहून जास्त वेळ हवा असेल तर छोटे छोटे व्हिडिओ घेऊन विनजुपोस या सॉफ्टवेअरमध्ये गुरूची फिरत उलटी करावी लागते. चित्र रंगवायचंच असतं तर ही घाई कुणी केली असती?

यापेक्षा भक्कम पुरावाही आहे. १९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियातले हौशी निरीक्षक अँथनी वेस्ली यांना साडेचौदा इंची दुर्बिणीतून गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ नवा काळा डाग दिसला. नासाच्या हवाईमधल्या अवरक्त दुर्बिणीने गुरूवर काहीतरी आदळल्याचीच ती खूण असल्याचं सांगितलं, आणि काही दिवसांत हबल या अवकाश दुर्बिणीनेही त्या डागाचा फोटो घेतला. पुढच्या वर्षी ३ जूनला गुरूवर झालेला लखलखाट वेस्ली यांनी ऑस्ट्रेलियातून टिपला आणि ख्रिस्तोफर गो यांनी फिलिपिन्समधून. दोन देशांतल्या दोन ठिकाणी एकाच क्षणी एकच खोटं कसं तयार होईल?

मात्र एक कबुली द्यायलाच हवी. खोटेपणा फ्रेम जोडण्यात, म्हणजे स्टॅकिंगमध्ये, नसला तरी त्यानंतरच्या धार लावण्यात शिरू शकतो. रजिस्टॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये वेव्हलेटची (धार वाढवणारी) बटणं जोरात ओढली की मंगळाच्या किंवा गुरूच्या काठाला आत एक बारीक गडद कडा उमटते. ती तिथे नसते. हल्लीची एआयवाली धार लावणारी अ‍ॅप्स तर पोत स्वतःच शोधून काढतात, आणि ग्रहांच्या फोटोंवर ती वापरूच नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

"डोळ्याला रंग दिसत नाही, म्हणून रंग खोटा."

हा दोष फोटोचा नाही, डोळ्याचा आहे. अंधारात आपण डोळ्यातल्या ज्या पेशींनी पाहतो त्यांना रंग कळत नाहीत, आणि लाल प्रकाश तर त्यांना जवळजवळ जाणवतच नाही. मृगातल्या तेजोमेघाचा लाल रंग हायड्रोजनचा, ६५६.३ नॅनोमीटरचा. डोळा तो सोडून देतो, सेन्सर साठवतो. साधा डीएसएलआरसुद्धा इथे कमीच पडतो, कारण सेन्सरवरची फिल्टर हा लाल रंग बराचसा अडवते. काही जण ती काढून घेतात ते त्यासाठीच.

सोनेरी-निळे तेजोमेघ दिसतात ते मात्र ठरवून रंगवलेले असतात: गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा. कुठला वायू कुठे आहे ते त्यात कळतं. फोटोखाली तसं लिहिलं नसेल तर चूक लिहिणाऱ्याची.

"चंद्राच्या फोटोत तारे का नाहीत?"

चंद्रावर ऊन पडलेलं असतं, एवढंच. कॅमेऱ्यावर आयएसओ १००, एफ/११, १/१०० सेकंद: पौर्णिमेच्या चंद्राला एवढं पुरतं. तेवढ्या वेळात तारा सेन्सरवर उमटत नाही. तारे येईपर्यंत थांबलात तर चंद्राचा पांढरा गोळा होतो. खग्रास ग्रहणात चंद्र हजारो पटींनी मंद होतो, तेव्हा मात्र एकाच फोटोत दोन्ही येतात.

"शहरातून अशक्य."

ग्रहांच्या बाबतीत हे साफ चूक आहे. गुरू दिव्यांच्या उजेडाला भीक घालत नाही. गच्चीवर त्रास होतो तो उष्णतेचा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत ऊब सोडत राहतो, शेजारी एसीचं बाहेरचं युनिट असेल तर विचारूच नका. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवावी, आरसे जुळवून घ्यावेत आणि ग्रह डोक्यावर येईपर्यंत थांबावं. जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीला गुरू मिथुनेत होता. पुण्यातून तो क्षितिजापासून सुमारे ८६ अंश वर चढत होता. युरोपातल्या मंडळींना हेवा वाटावा अशी ही जागा.

दीर्घिकांबाबत (गॅलेक्सींबाबत) दाव्यात तथ्य आहे. त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असल्याने दिव्यांच्या उजेडातून गाळून वेगळा करता येत नाही. त्यासाठी अंधार गाठावा लागतो, तोही पावसाळा सोडून. तेजोमेघांचं तसं नाही: हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढंच आत सोडणारी दुहेरी फिल्टर लावली तर शहरातूनही ते मिळतात. खरी अडचण भलतीच असते. महाराष्ट्रात ध्रुवतारा जेमतेम १६ ते २२ अंशांवर असतो. उत्तरेला चार मजली इमारत असली की तो गेला, आणि माउंटचा (आकाशाबरोबर दुर्बीण फिरवणाऱ्या स्टँडचा) अक्ष ध्रुवाकडे लावायला सॉफ्टवेअरचा आधार घ्यावा लागतो. मग एक-एक मिनिटाचे १२० फोटो, सेन्सरचे दोष वजा करायला झाकण लावून त्याच तापमानाला ३० काळे फोटो (डार्क), आणि धुळीचे डाग काढायला फोकस न हलवता पांढऱ्या कापडातून ३० कोरे फोटो (फ्लॅट). फ्लॅट चुकवले तर सेन्सरवरच्या धुळीची वर्तुळं आकाशात उमटतात.

"चंद्र फोनच रंगवतो."

काही फोन खरंच रंगवतात, आणि घरी तपासताही येतं. चंद्राचा फोटो मुद्दाम इतका अस्पष्ट करा की एकही विवर ओळखू येणार नाही. तो संगणकाच्या पडद्यावर लावा, दिवे घालवा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकावरून झूम करून फोनने टिपा. विवरं परत आली तर ती चंद्रावरून आलेली नाहीत.

दुर्बिणीच्या फोटोंनाही असाच कस लावावा. २०२५ मध्ये शनीची कडी जवळजवळ आडवी, रेघेसारखी होती. त्या वर्षाच्या उत्तरार्धातला म्हणून कुणी रुंद कड्यांचा शनी दाखवला तर तो जुना किंवा उचललेला. गुरूच्या चंद्रांच्या जागा फोटोच्या वेळेशी स्टेलेरियम या आकाश दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये जुळवून पाहाव्यात. तरीही शंका राहिली तर मूळ व्हिडिओ मागावा. ६४०×४८० आकाराच्या, आठ बिटच्या १२,००० फ्रेम म्हणजे साधारण ३.७ जीबी. ती फाइल उघडली की आधी दिसतो तो उकळत्या तेलातल्या भज्यासारखा हलणारा, फिकट, अजिबात सुंदर नसलेला गुरू.