दहा म्हणजे अकरा, आणि इतर उपयुक्त सल्ले

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मक्याच्या शेतांच्या मधोमध उभ्या असलेल्या एखाद्या हायस्कूलचा कारभार तुमच्या गळ्यात पडलाच, तर अभ्यासक्रम, निकाल वगैरे किरकोळ गोष्टी नंतर बघा. आधी कॉन्फरन्स सांभाळा. कॉन्फरन्स म्हणजे आसपासच्या आठ-दहा शाळांनी खेळापुरता केलेला गट. बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, ट्रॅकच्या स्पर्धा आपसात लावायच्या, वर्षाअखेर एकाला चषक द्यायचा आणि उरलेल्या वेळात 'आपण यातून बाहेर पडावं का' यावर बैठका घ्यायच्या.

नाव ठेवताना आकडा घालायला अजिबात घाबरू नका. नैर्ऋत्य आयोवात 'हॉकआय टेन' नावाची कॉन्फरन्स आहे. तिच्यात वर्षानुवर्षं अकरा शाळा होत्या. हे कमी वाटत असेल तर राज्याच्या मोठ्या विद्यापीठाकडे बघा. ते 'बिग टेन'मध्ये खेळतं आणि 2024 पासून त्या दहात अठरा जण आहेत. म्हणजे थोरांनी वाट घालून दिलेली आहे. फक्त बैठकीला गणिताच्या शिक्षकांना बोलावू नका.

आकडा नकोच असेल तर भूगोल घ्या. त्याच भागात 'कॉर्नर कॉन्फरन्स' निघाली, कारण त्या शाळा राज्याच्या कोपऱ्यात होत्या. एसेक्स, स्टँटन, सिडनी, हॅम्बर्ग, फॅरागट अशी मंडळी. नाव नामी आहे. सदस्य येतात, जातात, बुडतात. कोपरा कुठे जातो? यातलं स्टँटन हे स्वीडिश लोकांचं गाव. त्यांनी पाण्याच्या टाकीला कॉफीच्या किटलीचा आकार दिला, कान आणि तोटीसकट, वर रंगीत वेलबुट्टी काढून. का, तर टीव्हीवर कॉफीची जाहिरात करणारी नटी मूळची त्यांच्या गावची. शाळेचे संघ व्हायकिंग. कॉन्फरन्समध्ये असं एक तरी गाव असू द्या. परगावच्या बस ड्रायव्हरला पत्ता विचारावा लागत नाही.

आता सदस्य कुणाला करावं. शेजाऱ्याला करू नये, हा पहिला नियम. एसेक्सपासून शेनँडोआ जेमतेम दहा किलोमीटरवर. पण शेनँडोआची शाळा मोठी, ती बरीच वर्षं 'हॉकआय टेन'मध्ये. त्यामुळे तिच्या पोरांनी कॉन्फरन्सच्या सामन्यासाठी दीडशे किलोमीटरहून लांब कॅरोलला जायचं, हिवाळ्यात, शाळेच्या दिवशी संध्याकाळी, त्या कडक पिवळ्या बसमधून, आणि मध्यरात्रीच्या सुमारास परत यायचं. एसेक्सच्या पोरांनी दुसऱ्या दिशेला जायचं. दोन्ही बस वाटेत एकमेकींना दिवे दाखवत असतील. कुणी विचारलंच तर 'मुलांच्या हितासाठी' म्हणावं. हे दोन शब्द आत येताना चालतात, बाहेर पडतानाही चालतात.

फुटबॉलची, म्हणजे हातात चेंडू घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलची, काळजी तुम्ही करू नका. तिथे राज्य संघटना स्वतःच गट पाडून देते, कॉन्फरन्सला विचारत नाही. पटसंख्या फारच घसरली तर अकराऐवजी आठ जणांचं फुटबॉल खेळायची सोय आहे. शिवाय आयोवात मुलांच्या खेळांची संघटना वेगळी आणि मुलींची वेगळी. 1925 साली पुरुष मंडळींना मुलींच्या राज्य स्पर्धेचं ओझं नकोसं झालं, तेव्हा मुलींच्या बाजूच्यांनी आपली चूल वेगळी मांडली. तुमचा फायदा असा, की तक्रारीचा अर्ज दोन ठिकाणी करता येतो.

हे सगळं नीट पार पाडलंत, तरी एक दिवस पोरंच संपतात. एका शेतकऱ्याचं शेत वाढत जातं, यंत्रं मोठी होत जातात, वस्ती आटते. ऐंशीच्या दशकात कर्जाने शेतकरी बुडाले, तेव्हा तर घरंच्या घरं उठली. सरकारी पैसा डोक्यामागे मिळतो. त्यात 1989 च्या कायद्याने पोराला शेजारच्या शाळेत जायची मुभा दिली, आणि पोरामागून पैसाही गेला. 1950 च्या आसपास या राज्यात चार हजारांवर शाळा-जिल्हे, म्हणजे आपापल्या शाळा चालवणारे स्थानिक कारभार, होते, आज साडेतीनशेसुद्धा नाहीत. तेव्हा ज्या शेजाऱ्याला पन्नास वर्षं शिव्या घातल्या, त्याच्याशीच शाळा एक करावी लागते. आपल्याकडे 2023 साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या 'समूह शाळा' करण्याचं निघालं तेव्हा बराच आरडाओरडा झाला. पण सगळ्या गावांची आद्याक्षरं ओळीने पाटीवर रंगवून भांडण मिटवायची अक्कल आपल्याला सुचली नाही. आयोवावाल्यांना सुचली.

उदाहरणार्थ, 'एएचएसटीडब्ल्यू'. अव्होका, हॅनकॉक, शेल्बी, टेनंट आणि वॉलनट. पहिली चार अक्षरं आधीपासून एकत्र नांदत होती. 2016 साली वॉलनट आलं आणि त्याचं अक्षर माहेरच्या आडनावासारखं शेवटी चिकटलं. मॅस्कॉट, म्हणजे संघाचं बोधचिन्ह, मात्र पहिल्या चौघांचाच राहिला. टेनंटची वस्ती शंभराच्या आत आहे, पण जर्सीवर त्याचं अक्षर इतरांच्या बरोबरीने, शिवायला इतरांइतकाच धागा. तेव्हा विलीनीकरणाच्या वाटाघाटीत इमारत सोडा, प्रयोगशाळा सोडा, मुख्याध्यापकाची खुर्चीसुद्धा सोडा. अक्षर सोडू नका.

'बीसीएलयूडब्ल्यू' या अशाच आद्याक्षरांच्या शाळेतले शेवटचे दोघे, युनियन आणि व्हिटन, हे तर अभ्यासण्यासारखं प्रकरण. आयोवात तेव्हा मुलींचं बास्केटबॉल सहा-सहा जणींचं असे. तिघींनी फक्त हल्ला करायचा, तिघींनी फक्त बचाव, आणि चेंडू दोनदाच आपटायचा. 1968 च्या राज्य अंतिम सामन्यात युनियन-व्हिटनची गाठ एव्हर्लीशी पडली. एव्हर्लीच्या जेनेट ओल्सनने एकटीने 76 गुण केले आणि तरी हरली, कारण समोर व्हिटनची डेनिस लाँग होती. तिचे 64. जादा वेळेत 113-107. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्स या पुरुषांच्या व्यावसायिक संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या फेरीत, तिचं नाव पुकारलं, मग लीगने ती निवड रद्द केली. सहा-सहाचा खेळ 1993 ला बंद पडला. युनियन-व्हिटनची दोन अक्षरं झाली आणि एव्हर्लीच्या नावाला 'क्ले सेंट्रल' येऊन जोडलं गेलं. यातून कारभाऱ्याने घ्यायचा धडा इतकाच, की राज्य जिंकून पट वाढत नाही. तेव्हा प्रशिक्षकाच्या पगारवाढीचा अर्ज आला तर हे कात्रण जोडून परत पाठवा.

फॅरागटचंही तसंच. नौदलाच्या अ‍ॅडमिरलवरून नाव पडलेलं गाव, समुद्रापासून हजार किलोमीटरहून आत. मुलांचा संघ 'अ‍ॅडमिरल्स', मुलींचा 'अ‍ॅडमिरलेट्स', आणि त्या मुलींनी 1971 चं राज्य विजेतेपद आणलेलं. पुढे हॅम्बर्गशी भागीदारी करून 'निश्नाबॉटना' या नदीच्या नावाने एकत्र संघ उतरवले. नदीचं नाव घेण्यात शहाणपण असतं. ती कुठल्याच गावाची नसल्यामुळे दोन्ही गावं सारखीच नाराज होतात. 2016 साली राज्याच्या शिक्षण मंडळाच्या निर्णयाने फॅरागटचा शाळा-जिल्हाच विसर्जित झाला. कॉर्नर कॉन्फरन्सच्या वेळापत्रकात जागा मोकळी झाली. अशा वेळी दुखवट्याचा ठराव जरूर करावा, पण त्याआधी जानेवारीतल्या त्या मोकळ्या मंगळवारी दुसरा कुणी खेळायला मिळतो का, हे फोन करून विचारून घ्यावं. उशीर केला तर दुसरी कॉन्फरन्स विचारते.

आता अक्षरं निवडताना थोडी दूरदृष्टी ठेवा. ओडेबोल्ट, आर्थर, बॅटल क्रीक आणि आयडा ग्रोव्ह यांनी 'ओएबीसीआयजी' केलं, तेव्हा प्रेक्षकांनी याची घोषणा कशी द्यायची हा विचार कुणी केला असेल असं वाटत नाही. पण त्यांचं नशीब थोर. तिथला, ओडेबोल्टचा कूपर डीजीन 2025 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, फिलाडेल्फियाकडून खेळला, आपल्या बाविसाव्या वाढदिवशी समोरच्याचा पास मधल्यामध्ये पकडून थेट टचडाऊन केला, आणि देशभरच्या समालोचकांना ती सहा अक्षरं न अडखळता म्हणायची वेळ आली. तुमच्या शाळेचं नावही लोकांना म्हणता येत नसेल तर ते बदलण्याचा खर्च करू नका. असा एखादा पोरगा निपजेपर्यंत थांबा, आणि तोवर तो शेजारच्या शाळेत नाव घालत नाहीये ना, एवढं बघा.