ऑपरेशनच्या आधी बुढ्याले प्राणी विचारा

कंपवाताच्या त्या मेंदूतल्या मशीनचे व्हिडिओ आजकाल सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतात, बंद केलं की हात थरथर, चालू केलं की शांत, आणि लगेच कोणीतरी म्हणतं वावर विकू पण बावाजीले लावू. व्हिडिओ खोटा नाही. फ्रान्समधे बेनाबिद डॉक्टरनं १९८७ च्या आसपास हे सुरू केलं, म्हणजे नवं खूळही नाही. पण व्हिडिओत माणूस बोलताना दिसत नाही.

आमच्या मोठेबाबांना डीबीएस केलं, म्हणजे हेच, मेंदूत बारीक तार टाकून करंट देणारं मशीन. हात थांबला, सिंडोपा ही कंपवाताची गोळी कमी झाली, पऱ्हाटीत चक्कर मारतात. पण शब्द लवकर सापडत नाही, आणि गावात सुरू, "मशीन लावली अन् बुढा येडा झाला." नाही झाला ना भाऊ! एकंदर बुद्धी बहुतेकांची जागेवरच राहते, सगळ्यात जास्त घसरतं ते भराभर शब्द काढणं. करंट बंद केला तरी ते बरेचदा परत येत नाही, म्हणून तार आत जाते त्या वाटेचाही यात हात असावा असं डॉक्टर मानतात. त्यात तार टाकायच्या मेंदूत दोन मुख्य जागा, सबथॅलॅमिक न्यूक्लियस आणि पॅलिडम; सबथॅलॅमिक न्यूक्लियसमधे तार टाकली तर गोळ्या जास्त कमी होतात पण शब्दांचा त्रासही पॅलिडमपेक्षा थोडा जास्त दिसतो, हे कुटुंबाला आधी सांगायला नको का? गोळ्या एकदम कमी केल्या की काही जणांचा उत्साहच जातो, घरचे म्हणतात आळशी झाला. काही जण उलट, विचार न करता भरकन निर्णय घेतात, अशा वेळी बैलबाजाराचे पैसे त्यांच्या हाती देऊ नका, गंमत नाही करत.

खरा राग मला टेस्टचा आहे. ऑपरेशनआधी स्मरणशक्ती, विचार, भाषा तपासतातच, कारण डिमेन्शिया असलेल्याला सहसा हे करत नाहीत. त्यात एक मिनिटात जेवढे आठवतील तेवढे प्राणी सांगायचे असतात. आमच्या माणसाला ते हिंदीत विचारलं! वऱ्हाडीत विचारलं असतं तर गोऱ्हा, कालवड, रोही, रानडुक्कर, सगळं जंगल उभं केलं असतं त्यांनी. आता शब्द खरंच किती कमी झाले हे कशाशी ताडून पाहायचं?

म्हणून कोणाचं ठरत असेल तर विचारा, टेस्ट झाली का, कोणत्या भाषेत झाली, कागद फाइलीत आहे का. नसेल तर तारीख पुढं ढकला. कंपवात काही हार्ट अटॅक नाही, आठ दिवसांनी काही बिघडत नाही.