आपल्या तिकडची ज्वारी

आज १७ सप्टेंबर. सकाळपासून मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या शुभेच्छा येताहेत. दरवर्षी मी त्या पुढे पाठवायला जाते आणि बोट अडतं.

माझा जन्म पुण्याचा, पण आमचं गाव नांदेड जिल्ह्यातलं. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि लगोलग गावोगावच्या दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. आमचं घरही गेलं. बाबा तेव्हा चौदा वर्षांचे. आजी त्यांना घेऊन रात्रभर ओढ्याकाठी बसून राहिली. सकाळी राखेत कणगी सापडली. वरचं सगळं जळालेलं, तळाची ज्वारी तेवढी वाचलेली. तीच दळून आजीनं आठ दिवस भाकरी केली. त्या भाकरीला धुराचा वास यायचा, एवढंच बाबा सांगतात. पुढचं सांगत नाहीत.

ठरावाला विरोध करणाऱ्यांच्या तोंडी तेव्हा एक शब्द होता, मराठवाड्याची अस्मिता. म्हणजे मराठवाडा ज्यांचा, त्यांच्यात आम्ही धरलेलोच नव्हतो! विद्यापीठ झालं १९५८ ला. त्याच्या आठ वर्षं आधी, १९५० ला, बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं होतं. तरी त्यांचं नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. मागितलं होतं नामांतर, मिळाला नामविस्तार. म्हणजे 'मराठवाडा' तसंच राहिलं, त्याला बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं.

एवढं सगळं माहीत असून मी एम.ए.ला हट्टानं तिथेच गेले. पुण्यात शाळेत असताना मी बाबांसारखं बोलले की मुली हसायच्या. होस्टेलवर पहिल्याच दिवशी शेजारच्या खोलीतल्या मुलीनं विचारलं, "काय करायलीस?" आणि माझे डोळे भरून आले. आमच्या घरची बोली आख्खं होस्टेल बोलत होतं. दोन दिवसांनी त्याच मुलीनं गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि तिचं बोलणं तुटक झालं.

तरीही २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तेव्हा ऑफिसात कुणी "तुमच्या मराठवाड्यात" म्हणून चेष्टा केली, तर मी भांडले. "तुमच्या" हा शब्द मला टोचला आणि हवाही होता.

लोक सांगतात, जुनं उकरू नकोस. कुणी म्हणतं, एवढा राग आहे तर पुणेकरच हो ना. मला दोन्ही नको. निजामाची राजवट संपली तो दिवस माझाही आहे, त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ माझेही आहेत. पण पोरांना १९४८ शिकवता तसं १९७८ ही शिकवा. आज सकाळी झेंड्याला उभे राहिलेले सगळे १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर का दिसत नाहीत? तिथे फक्त आम्हीच का? त्या गर्दीत माझ्या गावचा, पलीकडच्या आळीतला एक जरी माणूस दिसला तरी ही शुभेच्छा मी मोकळ्या मनानं पुढे पाठवीन.

बाबा गावी राहायला पुन्हा गेले नाहीत. पण ज्वारी लागते तिकडचीच. दर उन्हाळ्यात ओळखीच्या माणसाकडून पोतं येतं. यंदाचं आलं तेव्हा त्यांनी शिवण उसवली, मूठभर ज्वारी काढून आधी नाकाशी धरली. बराच वेळ. मग ती मूठ माझ्या ओंजळीत सोडली. "घे, आपल्या तिकडची हाय."